वाढणाऱ्यांचं गाव

आमच्या ओसरीवर दोन खुंट्या होत्या. एकीला वडिलांचं, म्हणजे तात्यांचं, नेहमीचं उपरणं असायचं आणि दुसरीला वाढायचं. ह्या दुसऱ्या उपरण्यावर आमटीचे इतके डाग पडले होते की ते मुळात पांढरं होतं हे मला आईने सांगितलं म्हणून माहीत. आई ते घरच्या कपड्यांत भिजवत नसे. वेगळ्या घमेल्यात सोड्याच्या पाण्यात घालायची आणि बडवताना कुठला डाग कुणाच्या लग्नातला ते मोठ्याने सांगायची. गावात लग्न निघो, जावळ निघो, कुणाचं दहावं असो नाहीतर सप्त्याचा काला, तात्या ते उपरणं खांद्यावर टाकून निघत. जेवायचं आवतण घरोघर यायचं, पण वाढायला या असं सांगायला कुणी दारात आल्याचं मला आठवत नाही. तसं कुणी आलं असतं तर तात्यांना ते लागलं असतं. आपण काय परके आहोत का सांगायला यायला, असं त्यांचं म्हणणं असे.

गाव कर्जत तालुक्यातलं, सगळं जिरायती. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते आणि बिऱ्हाड घेऊन श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जायचं आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत यायचं. त्यामुळे गावातली यच्चयावत लग्नं उन्हाळ्यात, माणसं घरी असताना. मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात पंगती बसत. वाढणाऱ्यांत कुणी कुठलं भांडं उचलायचं हे ठरलेलं होतं, आणि ते कुणी ठरवलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गणपतनाना हे भावकीतले सगळ्यांत वडीलधारे. बुंदीची पाटी त्यांची, आणि पंगत बसवायची-उठवायची तीही त्यांनीच. वांग्याची भाजी मधल्या आळीकडे, भात मळ्यातल्या भावांकडे. आमटीची बादली तात्यांची. नवशिक्याला आधी मीठ मिळायचं. चिमूट चिमूट मीठ प्रत्येक पत्रावळीवर नीट एका जागी पडायला लागलं की मग पाण्याचा जग, आणि पुढे कधीतरी भाजी.

घरात तात्या मोजकं बोलत. आईला दोनदा विचारावं लागायचं तेव्हा कुठे व्हय की न्हाई कळायचं. पण पटांगणात बादली हातात आली की त्यांचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. "आमटीऽऽ, गरम हाय, हात सांभाळाऽऽ." मी आणि माझी थोरली बहीण सुमनअक्का चुलीपाशी बसून तो ऐकायचो आणि आई म्हणायची, "ऐका, तुमच्या बापाला वाचा फुटली." दिवस कलल्यावर तात्या परत यायचे, मनगटापर्यंत हळदीचा वास, डोळे लाल, पाय धुळीने भरलेले. आई पाणी द्यायची आणि टोमणाही द्यायची. "समद्या गावाला वाढून आलात. आता आमच्या ताटात कोन वाढनार, का आमी बी पटांगणात येऊन बसू?" तात्या हसायचे. आईला राग होता असं मात्र नाही. एखाद्या कार्याला तात्या तापाने पडून राहिले तर सगळ्यात जास्त चुळबुळ तीच करायची.

मी कर्जतला कॉलेजात गेले आणि राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं. नाव घातलं म्हणजे सरांनी घातलं, कारण त्याचे गुण मिळत. शेजारच्या एका गावात आमचं शिबिर झालं. आम्ही गाणी म्हटली, शोषखड्डे खणले, गावातल्या बायकांना स्वच्छतेवर भाषणं दिली, आणि त्या बायकांनी आमची भाषणं ऐकत ऐकत आमच्यासाठी भाकरी थापल्या. घरी आले तेव्हा माझ्या ओढणीवर बिल्ला होता आणि नाक वर होतं. तात्या ओसरीवर दावं वळत बसले होते.

"ह्ये काय लावलंय, शके?"

"बिल्ला. मी स्वयंसेविका आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे कुणी न सांगता, मनाने काम करायचं. मोबदला न घेता."

तात्यांनी थोडा विचार केला. "मग त्या सायेबानं हजेरी कशाला घेतली? परवा तूच म्हनालीस, हजेरी चुकली तर मार्क जात्यात."

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक पाय आपटत आत गेले. आई चुलीपाशी इतकी हसली की तिला ठसका लागला.

आता इतक्या वर्षांनी त्या शिबिराला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. तिथेच मी पहिल्यांदा टिकाव उचलला आणि चार अनोळखी माणसांपुढे बोलले. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली तेव्हा 'सर्व शिक्षकांनी स्वयंस्फूर्तीने उपस्थित राहावे, अनुपस्थितांची नोंद घेतली जाईल' अशा सूचना आयुष्यभर ऐकल्या आणि प्रत्येक वेळी तात्यांच्या त्या प्रश्नाची आठवण होऊन गालात हसले. आमच्या वाडीवरची आशाताई रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जाते; तिला पगार द्यायचा नसला की सरकार तिला स्वयंसेविका म्हणतं. आणि मी आता नगरला जिथे राहते त्या सोसायटीत गणपतीला पोरं व्हॉलंटिअर असं छापलेले टी-शर्ट घालून फिरतात, आणि खरंच राबतातही. एकाच नावाखाली किती तऱ्हेची माणसं उभी असतात. माझ्या मनात मात्र ते नाव आलं की एकच दिवस उभा राहतो, अक्काच्या लग्नाचा.

अक्काला स्थळ आलं ते श्रीगोंद्याकडचं, बागायतदार, उसाचं. घरात आनंद झाला आणि धाकही वाटला. लग्न ठरल्यापासून आमच्या घरात बायकांचा राबता सुरू झाला. कुणी गहू निवडायला, कुणी हळद दळायला, आणि एक सबंध दिवस येसूर करायला. लग्नाच्या आमटीत येसूर पाहिजेच. बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि खडा मसाला भाजून त्याचं पीठ करायचं, आणि तेच आमटीला दाटपणा आणतं. उखळात मुसळ पडायचं तो घुमणारा आवाज आणि शिंकांचा आवाज दिवसभर चालू होता. कोयत्यावरून नुकत्याच परतलेल्या बायका, तळहाताला अजून घट्टे, पण मुसळ खाली ठेवायला तयार नव्हत्या. आई मधून मधून चहा करायची आणि त्या म्हणायच्या, "च्या कशाला, आमी काय पाव्हन्या हाय का?"

माझा भाऊ, दादा, तेव्हा पुण्याला कंपनीत होता. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तो आला आणि त्याने सांगितलं की जेवणाचं सगळं त्याने नगरच्या केटररला दिलं आहे. टेबल-खुर्च्या, वाढायला लाल कोट घातलेली माणसं, पनीर, जिलेबी. आई बघतच राहिली. दादा फुशारकी मारत नव्हता, हे मला इथे नीट सांगायचं आहे, कारण गावात पुढे पुष्कळ दिवस तो शहाणा झाला असं बोललं गेलं. वरपक्षासमोर आपण गबाळे दिसू नये असं त्याला वाटत होतं, हे खरं. पण ओसरीवर तात्यांच्या शेजारी बसून तो म्हणाला, "तात्या, तुमचं आख्खं आयुष्य बादली उचलन्यात गेलं. तुमचा खांदा बगा, एका बाजूला उतरलाय. अक्काच्या लग्नात तरी तुमी मोकळं ऱ्हावा. आन् गाव बी एक दिवस निवांत जेवू द्या की. सारखं दुसऱ्याला वाढत उभं ऱ्हायचं, आन् शेवटाला उरलंसुरलं खायाचं."

तात्या त्याच्याकडे बघत राहिले. पोराने आपला खांदा बघितला, एवढंच बहुतेक त्यांच्यापर्यंत पोचलं. "बरं केलंस," ते म्हणाले.

"आन् येसूर?" आई आतून म्हणाली. "इतकं कुटलंय, ते काय म्हशीला घालू?" मग आमटी तेवढी गावच्या आचाऱ्याने गावच्या कढईत करायची असं ठरलं.

गणपतनानांना हे कुणी सांगितलं नाही. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्या गावात ते सांगता येण्यासारखं नव्हतं. वाढायला या असं कधी सांगायचं नसतं, तर येऊ नका असं कुठल्या तोंडाने सांगणार? तात्या दोनदा नानांच्या घराकडे गेले आणि दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून परत आले. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "नाना शाना मानूस हाय, बगून समजंल." सगळेच असं धरून चाललो की कुणीतरी समजून घेईल.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि वऱ्हाड टेबलांकडे वळलं. मी अक्काच्या पदराला टाचणी लावत होते. तेवढ्यात नाना आणि त्यांच्यामागे गावातली सगळी वाढणारी माणसं मांडवाच्या मागून स्वयंपाकाकडे गेली. धोतराचे सोगे वर खोचलेले, उपरणी कमरेला आवळून बांधलेली. कढईपाशी लाल कोटवाले बादल्या भरत होते. केटरर पुढे आला, मनापासून हात जोडले आणि म्हणाला, "काका, तुम्ही कशाला? तुम्ही बसून घ्या निवांत. आमची माणसं आहेत ना."

नाना उभे राहिले. त्यांनी कोटवाल्यांकडे पाहिलं, कढईतल्या आमटीकडे पाहिलं. मग कमरेचं उपरणं सोडलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. त्यांच्यामागच्या एकेकाने तेच केलं. सगळे चालत पटांगणाच्या कडेला लिंबाखाली गेले आणि बसले.

वऱ्हाडाची जेवणं झाली. टेबलं पुसून पुन्हा मांडली, आता गावाची पाळी. गावातलं कुणी उठेना. पुरुष लिंबाखाली, बायका देवळाच्या सावलीला पोरं मांडीवर घेऊन. पोरांना भूक लागलेली, ती जिलेबीकडे बघून रडत होती, आणि आया त्यांना थापटत होत्या. लाल कोटवाले रिकाम्या टेबलांमागे हात बांधून उभे. वरपक्षातल्या एकाने मोठ्याने विचारलं, "तुमचं गाव आज उपाशी हाय का काय?" दादाचा चेहरा उतरला. गाव न जेवता उठून गेलं तर काय होईल हे त्यालाही आता कळलं. मुलीच्या मांडवातून भावकी उपाशी गेली, हे तात्यांच्या नावाला जन्मभर चिकटलं असतं, आणि पुढच्या कुठल्याही पंगतीत त्यांना बादलीला हात लावता आला नसता.

दादा धावत लिंबाखाली गेला. मीही मागोमाग.

"नाना, चला की जेवायला. अन्न निवतंय."

"जेवू की, बाळा," नाना अगदी गोड आवाजात म्हणाले. "घाई काय हाय. तुमचं पावनं जेवलं ना? झालं मग."

"नाना, काई चुकलं का?"

"कुठं काय चुकलंय. समदं झ्याक केलंस. खुर्च्या बी चांगल्या हायती."

मला राहवलं नाही. शिबिरात भाषणं केलेली मुलगी मी, मला वाटलं समजावून सांगितलं की संपलं. मी म्हटलं, "नाना, दादाने तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून केलं हो. तुम्हीही कधीतरी बसून जेवावं म्हणून."

नानांचा गोडवा तिथे संपला. "तरास?" ते म्हणाले. "माज्या बापाच्या दहाव्याला तुजा बाप अंगात ताप आसताना वाडत हुता. माज्या तिन्ही पोरींच्या लग्नात ह्याच पटांगणात त्यानं आमटी वाडली. त्याला तरास झाला हुता का? जा, इचार त्याला. आगं, त्याच्या पोरीच्या लग्नात एकदा वाडायला मिळंल म्हनून आमी कोयत्यावरनं बिगीबिगी आलो. आमची पाळी आली आन् तुमी भाड्याची मान्सं हुभी केली. आमचे हात काय झडलेत व्हय?"

दादा मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नाना सोडून सगळ्यांनी पाहिलं. नाना दुसरीकडे बघत होते. इतकी वर्षं ह्याच माणसांत राहून, वाढायला मिळणं ही मागायची गोष्ट आहे, तिची वाट बघायची असते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला वाटायचं, तात्या गावासाठी झिजतात.

कुणीतरी मांडवात जाऊन सांगितलं असावं. तात्या आले. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात नवं करकरीत धोतर-सदरा, मागे आई. कन्यादान करायचं म्हणून दोघांच्याही पोटात सकाळपासून पाण्यावाचून काही नव्हतं. ऊन असं तापलेलं की आईने पदर डोळ्यांवर ओढला होता. मला वाटलं, तात्या आता हात जोडतील, नानांच्या पायावर फेटा ठेवतील. आमच्याकडे तशी रीत आहे. त्यांनी तसलं काही केलं नाही. ते पटांगणाच्या मधोमध आले आणि तिथे धुळीतच मांडी घालून बसले. पंगतीला बसतात तसे. गावच्या पटांगणात तात्या असे बसलेले कुणीच पाहिले नव्हते, कारण वाढणारे शेवटी, कढईपाशीच, उभ्याउभ्या जेवायचे.

"किसना, उठ," नाना लिंबाखालून म्हणाले. "धोतार खराब हुईल."

"हू दे," तात्या म्हणाले. "नाना, मला भूक लागलीया. कन्यादानाचा उपास सोडायचाय. वाडा."

"तिकडं खुर्च्या हायती की."

"मला खुर्चीवर न्हाई गिळत. तुमी वाडलं तर जेवंन, न्हाईतर ऱ्हाऊ दे. मी बसलोय."

आईने इकडेतिकडे पाहिलं आणि ती तात्यांच्या शेजारी जाऊन बसली. "माजं बी पान वाडा," ती म्हणाली. "चक्कर याया लागलीया."

मग नाना गुडघ्यावर हात टेकून उठले आणि खांद्यावरचं उपरणं त्यांनी कमरेला करकचून बांधलं. "आरं उठा की, बसलाय काय येड्यावानी!" ते मागच्यांवर खेकसले, जणू उशीर त्यांच्यामुळेच झाला होता. "एकट्याला वाडत्यात व्हय? पंगत बसवा! बायकांनो, पोरं घेऊन या हिकडं!"

पुढची धावपळ मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवते. खुर्च्या बाजूला सरल्या, माणसं रांगांनी धुळीत बसली, केटररच्या ताटल्यांचे ढीग हातोहात पुढे गेले. नाना सरळ कढईपाशी गेले आणि एका लाल कोटवाल्याच्या हातातून बादली काढून घेतली. तो घाबरला. पाथर्डीकडचा होता, आईबाप कोयत्यावर जाणारे, आणि हा चार महिने केटररकडे, असं त्यानेच मला नंतर सांगितलं. त्या दिवशीची शेवटची पंगत ह्या कोटवाल्यांची होती. नानांनी त्यांना कोट काढून बसायला लावलं, "सकाळधरनं हुबं हायसा, आता बसा," म्हणाले, आणि गावाने त्यांना आग्रह कर करून जिलेबी वाढली. पण ते नंतरचं. आधी नानांनी दादाला हाक मारली.

"रमेश! ये हिकडं. ह्ये धर." आणि त्याच्या हातात मिठाची वाटी दिली.

माझा कंपनीतला भाऊ, सफारी घातलेला, पुसलेल्या डोळ्यांनी वाकून वाकून मीठ वाढू लागला. रांगेतल्या म्हाताऱ्या त्याला मुद्दाम सांगत होत्या, "आरं थोडं कमी. आरं तिकडं न्हाई, कडंला वाड." तो मान डोलवत पुढे जात होता. मला हसू येत होतं आणि रडूही.

मग नाना बादली घेऊन रांगेच्या तोंडाशी आले. बुंदीऐवजी आलेल्या जिलेबीची पाटी त्या दिवशी त्यांनी दुसऱ्याला दिली होती. श्लोक झाला. त्यांनी तात्यांच्या ताटात भात आहे ना ते पाहिलं, पळी बुडवली आणि आमटी घातली. तात्या ताटाकडे बघत होते. नानांनी दुसरी पळी घातली. तिसरी घातली. भात बुडाला, आमटी ताटाच्या काठाला लागली, आणि एक ओघळ तात्यांच्या नव्या धोतरावर उतरला, तरी तात्या नुसते बघत बसलेले.

"आरं किसना, बास म्हन की!" नाना ओरडले.

तात्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. "मला कुठं ठाव हाय, नाना, कवा म्हनायचं ते," ते म्हणाले.

"म्हना आता बास," आई म्हणाली. "डाग मलाच काढायचाय."

तात्यांनी हात आमटी-भातात घातला, पहिला घास तोंडात टाकला आणि जेवायला लागले. नाना बादली घेऊन पुढच्या माणसाकडे वळले.